ढाळ

आंबाजोगाईच्या दवाखान्यात, मागल्या अंगाला,
एका वॉर्डाला अजून देवीचा वॉर्ड म्हणतात.
देवी गेली त्याला माझ्या वयाहून जास्त वर्षं झाली.
तिथंच ठेवलं आम्ही मुनाफला,
शारजाहून सुटीवर आलेला फरशीवाला, घाटनांदूरचा.
अंगभर फोड, प्रत्येकाच्या मधोमध बेंबीसारखा खळगा.
पुण्याहून रिपोर्ट आला त्या सांजेला
चहाच्या गाड्यावर कुणीतरी म्हणालं,
देवी परत आली.

आली नव्हती.
तिच्या लांबच्या नात्यातलं कुणी होतं.

मी रात्रपाळीचा ब्रदर. माझ्याकडे वही:
ताप, नाडी, लघवी,
किती घोट आत गेले, किती परत आले.
घशातल्या फोडांनी त्याला थुंकीही गिळवत नव्हती.
चाटे सर कातडी बघून जायचे, हालगे सर छाती ऐकून,
वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या शाईत.
दोन शेऱ्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत
मुनाफ पडून असायचा.
मला हे दिसत होतं. मी बोललो नाही.

बोलली केवळाबाई.
फरशी पुसून बाहेर आली,
हातमोजे, गाऊन, चष्मा, शेवटी मास्क,
शिकवलं तसं एकेक उतरवलं,
आणि हात धुताधुता म्हणाली,
"उजेड टोचायलाय त्याला.
कालपासून भिंतीकडं तोंड करून निजायलाय.
उजवा डोळा उघडतच न्हाई लेकराचा."

आम्ही तिघं त्याला रुसलेला समजत होतो.

मुंदडा मॅडम ओपीडी अर्धी टाकून आल्या.
निळ्या उजेडात बुबुळावर हिरवी जखम,
ज्वारीच्या दाण्याएवढी.

त्या दुपारी पहिल्यांदा सगळे एका बाकावर बसलो.
हालगे सरांना घशाच्या सुजेवर स्टेरॉइड हवं होतं.
"डोळा जाईल," मॅडम म्हणाल्या.
"श्वास गेल्यावर डोळा काय करायचा?"
आवाज चढले. चहाला साय धरली.
मग भूल देणारे गित्ते सर, जे क्वचितच बोलतात,
म्हणाले, "आधी दुखणं उतरवू. गिळता आलं तर बघू.
नळी मी उशाशी तयार ठेवतो. रात्री इथंच आहे मी."
उज्ज्वलाताईंनी आहाराच्या कागदावर
छापील सगळं खोडून लिहिलं: अंबील. पातळ. गार. तिखट नाही.
आणि डोळ्यात थेंब, दर दोन तासांनी.
ते माझ्याकडे.

दोन वाजता. चार वाजता. सहाला कावळे.
तो खालची पापणी स्वतःच ओढून धरायचा
आणि आठ महिन्यांच्या मुलीचं नाव सांगायचा, दरवेळी नव्यानं,
मी विसरलो असेन म्हणून.
तिला त्यानं अजून हातात घेतलेलं नाही.
एकदा, पहाटे, माझा एक थेंब गालावर पडला.
वहीत मी तो दिला असं लिहिलं,
मग खोडलं, आणि परत टाकला.

गित्ते सरांची नळी पिशवीतच राहिली.
सातव्या दिवशी अंबिलीचा पेला रिकामा आला.
केवळाबाईनं तो उजेडात धरून बघितला,
दंडावरचे लहानपणच्या लसीचे दोन वण, नाण्यांसारखे,
बाहीबाहेर आले.

शेवटची खपली पडायला अजून तीन आठवडे लागले.
बुबुळावर एक पांढुरका ठिपका उरला.
"खिडकीतला लिंब धुक्यातून दिसतोय," म्हणाला.
मॅडम म्हणाल्या, वाढेल नजर. किती, ते नाही सांगितलं.

जायच्या सकाळी तो खाटेवरून उतरला,
डावा डोळा झाकला,
उजव्यानं फरशीकडं बराच वेळ बघत बसला.
आम्हाला वाटलं, चक्कर.
"इथं ढाळ उलटा है," तो म्हणाला,
"पानी मोरीकडं जायचं सोडून कोपऱ्यात येतंय."

दारातून केवळाबाई म्हणाली,
"अकरा वर्सं झाली.
इचारलं कुणी?"